तोरा फुकट शिकवायची, तर पोट कशावर?

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. त्यानंतरच्या काळातली एक भेट ताल्मुद या ज्यूंच्या धर्मकायद्याच्या चर्चेच्या ग्रंथात नोंदवलेली आहे. यव्ने येथील विद्यासभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी रब्बी येहोशुआ बेन हनन्या या ज्येष्ठ पंडिताचा भर सभेत अपमान केला होता. सायंप्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, एवढ्या वादावरून त्यांनी येहोशुआंना प्रवचन चालू असताना ताटकळत उभे ठेवले होते. सभेला हे सहन झाले नाही आणि तिने गमलिएल यांनाच पदावरून उतरवले. पुढे ते क्षमा मागण्यासाठी येहोशुआंच्या घरी गेले, तेव्हा घराच्या भिंती काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या त्यांना दिसल्या. भिंतींवरूनच कळते की तुम्ही कोळसे पाडता, असे ते म्हणाले. (मूळ शब्दाचा अर्थ लोहार असाही होतो.) त्यावर येहोशुआ उत्तरले, "ज्या पिढीचे पुढारी तुम्ही आहात तिचे कठीण आहे; विद्वान माणसे कशावर गुजराण करतात, काय हालात जगतात, याचा तुम्हाला पत्ताच नाही."

या उत्तराची धार आजही बोथट झालेली नाही. इस्राएलची स्थापना झाली तेव्हा, 1948 मध्ये, पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धर्मपाठशाळांतील सुमारे 400 विद्यार्थ्यांची लष्करी सेवा पुढे ढकलली. 2024 पर्यंत ही संख्या 60,000 च्या वर गेली होती आणि यांतल्या अनेकांचा संसार सरकारी निधी, देणग्या आणि बायकोची मिळकत यांवर चालतो. 25 जून 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की या सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाही आणि अशा विद्यार्थ्यांसाठी पाठशाळांना सरकारी पैसाही देता येणार नाही. या वादात दोन्ही बाजू प्राचीन रब्बींना साक्षीला काढतात. एक बाजू म्हणते, तुमचे आद्य गुरू मजूर, लोहार, चांभार होते, तुम्हाला काम करायला काय झाले? दुसरी म्हणते, तोरेचे, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाचे, अध्ययन हेच जगाला तोलून धरणारे काम आहे आणि हेही त्याच गुरूंनी सांगितले आहे. माझ्या मते दोघेही अर्धाच कागद वाचतात. काम करावे की अध्ययन, या प्रश्नावर त्या पंडितांचे कधीच एकमत झाले नाही. पण अध्ययनासाठी पैसा घ्यायचाच असेल तर तो नेमका कशाचा, कोणाकडून आणि कोणत्या पुराव्यावर, याचा हिशेब त्यांनी विलक्षण काटेकोरपणे मांडला. तो हिशेब आज कोणी उघडत नाही.

मंदिर उभे होते तोवर धर्मकार्यावर जगण्याचा हक्क पुरोहितांचा होता. शेतीच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा, मंदिरसेवक लेवींचा दशमांश, यज्ञबलीतले नेमलेले भाग हे सगळे तोरेनेच लावून दिले होते आणि ते जन्माने मिळत होते. पंडिताचे तसे नव्हते. रब्बी ही पदवी होती, नोकरी नव्हती. कुठल्याही गावाने त्याला पगारावर नेमलेले नव्हते. न्यायनिवाडा, धर्मनिर्णय आणि प्रौढांना शिकवणे ही त्याची कामे, आणि तिन्ही विनामूल्य करायची हा दंडक. देवाने मला आज्ञा दिली तसे मी तुम्हाला शिकवले, या मोशेच्या वचनावरून ताल्मुदाने अर्थ काढला, की मोशेला हे ज्ञान फुकट मिळाले, तेव्हा तुम्हीही ते फुकटच द्या. रब्बी सादोक यांनी तर बजावून ठेवले, की तोरेला मिरवण्याचा मुकुट करू नका आणि खणण्याची कुदळही करू नका.

मग ही माणसे जगत कशी होती? हिल्लेल यांची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. दिवसभराच्या मजुरीतली अर्धी रक्कम ते अध्ययनगृहाच्या दारवानाला देत आणि उरलेल्या अर्ध्यात घर चालवीत. थंडीतल्या एका शुक्रवारी त्यांना काम मिळाले नाही. हातात पैसा नाही म्हणून दारवानाने आत सोडले नाही. तेव्हा ते छपरावर चढले आणि धाब्याच्या झरोक्याला कान लावून शमाया आणि अव्तल्योन या गुरूंचे प्रवचन ऐकत पडून राहिले. रात्री बर्फ पडले. सकाळी शमाया म्हणाले, आज घरात इतका अंधार का? वर पाहिले तो झरोक्यात माणसाची आकृती! शब्बाथचा, म्हणजे काम वर्ज्य असलेला शनिवारचा, दिवस असूनही त्यांनी बर्फ उकरून हिल्लेलना खाली आणले, न्हाऊमाखू घातले, शेकोटीपुढे बसवले. ही गोष्ट गरिबीवर मात करणाऱ्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला दारवान खटकतो. ज्ञान फुकट द्यायचे असा दंडक असताना दारावर पैसे कोण घेत होते आणि ते जात कुठे होते, याबद्दल कथा मौन पाळते.

हिल्लेल एकटे नव्हते. त्यांचे प्रतिस्पर्धी शम्माई यांनी एका आगाऊ प्रश्नकर्त्याला ज्या वस्तूने दारातून हुसकावले ती बांधकामाची मोजपट्टी होती. रब्बी मेईर लेखनिक होते. तोरेच्या प्रती उतरवून त्यांना आठवड्याला 3 सेला मिळत, त्यातला एक खाण्यापिण्यावर, एक कपड्यांवर आणि एक गरीब विद्वानांवर खर्च होई. अकीवा यांच्याबद्दल परंपरा सांगते, की ते रोज लाकडाची मोळी आणत, अर्धी विकत आणि अर्धी जाळत. धुराने हैराण झालेल्या शेजाऱ्यांनी सगळी मोळी आम्हालाच विका आणि त्या पैशाचे दिव्याला तेल घ्या असे सुचवले, तर ते म्हणाले, याच लाकडावर मी वाचतोही, शेकतोही. बाबिलोनमधले रव हुना शेताला पाणी काढत आणि रव पापा यांना खजुराच्या मद्याने श्रीमंत केले. मराठी वाचकाला इथे सावता माळी आणि गोरा कुंभार आठवल्याशिवाय राहणार नाहीत, पण हे साम्य फार ताणू नये. संतांचा अधिकार भक्तीतून आला होता. रब्बींचा अधिकार कायद्याच्या ज्ञानातून आला होता आणि त्यांच्या एका शब्दावर कोणाचे शेत, कोणाचा विवाह, कोणाचे कर्ज ठरत होते. म्हणूनच त्यांच्या भाकरीचा प्रश्न हा केवळ साधेपणाचा नव्हता. तो न्यायाच्या शुचितेचा होता.

यातल्या बऱ्याच कथा घटनेनंतर कैक पिढ्यांनी लिहिल्या गेल्या, तेव्हा त्यांना चरित्र न मानता त्या समाजाने स्वतःपुढे ठेवलेला आरसा मानणे बरे. आणि या आरशात श्रीमंतही दिसतात. गमलिएल यांना उतरवल्यावर त्यांच्या जागी कोणाला बसवले? कोळसे पाडणाऱ्या येहोशुआंना नव्हे. ते वादातले पक्षकार होते. अकीवांनाही नव्हे, कारण त्यांच्यामागे घराण्याची पुण्याई नव्हती. निवड झाली एलाझार बेन अझर्या यांची, आणि कारणे उघड नोंदवली आहेत: विद्वान आहेत, श्रीमंत आहेत आणि एज्रा या प्राचीन शास्त्र्याच्या वंशातले आहेत. श्रीमंती कशाला हवी, तर रोमच्या दरबारात खर्च करायची वेळ आली तर करता यावा म्हणून. पीठ नसेल तर तोरा नाही आणि तोरा नसेल तर पीठ नाही, हे वचन याच एलाझार यांचे आहे. भरल्या कणगीच्या मालकाने ते म्हणावे, यात थोडी गंमत आहेच. ताल्मुदाचा पाया असलेल्या मिश्ना या कायदेसंग्रहाचे संपादन करणारे येहुदा हानासी हेही गडगंज श्रीमंत होते. तेव्हा सगळे रब्बी कारागीर होते हे चित्र गोड असले तरी पुरे नाही.

तत्त्वाच्या पातळीवर वाद रंगला तो इश्माएल आणि शिमोन बार योहाई यांच्यात. तू आपले धान्य गोळा करशील, असे तोरा म्हणते. तेव्हा जगरहाटीप्रमाणे शेतीही करा आणि अध्ययनही करा, हे इश्माएल यांचे म्हणणे. शिमोन यांचा सवाल असा, की नांगरणीच्या वेळी नांगरले, पेरणीच्या वेळी पेरले, कापणी, मळणी, उफणणी सगळे वेळच्या वेळी केले, तर तोरेचे काय होणार? दोन-तीन शतकांनंतर बाबिलोनच्या अबाये यांनी यावर एका ओळीत शेरा मारला: अनेकांनी इश्माएलप्रमाणे केले आणि त्यांना जमले, अनेकांनी शिमोनप्रमाणे केले आणि त्यांना जमले नाही. शेऱ्यात निषेध नाही की स्तुती नाही, फक्त अनुभव आहे. बापाने मुलाला धंदा शिकवलाच पाहिजे हा नियमही याच ग्रंथात आहे, आणि जो शिकवत नाही तो त्याला दरोडा शिकवतो असे रब्बी येहुदा यांनी त्यात जोडले आहे. त्याच विषयाच्या मिश्नेत मी मुलाला सगळे धंदे सोडून फक्त तोराच शिकवीन असे म्हणणारे रब्बी नेहोराईही आहेत. उदाहरणे वेचायची म्हटली तर कुठल्याही बाजूची झोळी भरते.

मला महत्त्वाचा वाटतो तो खालच्या पातळीवरचा, व्यवहाराचा नियम. न्याय देण्यासाठी जो वेतन घेतो त्याचे निवाडे रद्द, असे मिश्ना निक्षून सांगते. पण लगेच पुढे म्हणते, की बोलावलेला माणूस म्हातारा असेल तर त्याला गाढवावर बसवून न्यावे आणि मजुराला देतात तसा त्याचा रोज द्यावा. हा रोज कशाचा? ज्ञानाचा नव्हे, निवाड्याचाही नव्हे. हातचे काम सोडून यावे लागले त्याचा. आपल्याकडे ज्याला खाडा म्हणतात त्या खाड्याची ती भरपाई. आता ही फट मोठी व्हायला किती वेळ लागणार? म्हणूनच ताल्मुद कार्ना या न्यायाधीशाची उलटतपासणी घेते. कार्ना हे दोन्ही पक्षांकडून एक एक नाणे घेत आणि मग निवाडा देत. मग त्यांचे निवाडे रद्द का मानू नयेत? उत्तर असे, की कार्ना यांचा खरा धंदा मद्याच्या कोठारात होता. ते पिंपांपाशी जाऊन वास घेत आणि कोणते मद्य टिकेल, कोणते लवकर आंबेल हे सांगत. त्याचा त्यांना एक झूझ (चांदीचे नाणे) मिळे. न्यायाला बसले की तो झूझ बुडत होता आणि तो बुडतो हे सगळ्यांना दिसत होते. भरपाई चालते ती अशी डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीची आणि दोन्ही पक्षांकडून सारखी घेतलेली. रव हुना तर पैशालाही हात लावत नसत. तंटा घेऊन कोणी आले की म्हणत, माझ्या जागी पाणी काढायला एक माणूस द्या, मग मी तुमचा निवाडा करतो.

इतका स्वच्छ हिशेब मी अन्य कुठल्या धर्मपरंपरेत वाचलेला नाही. विद्वानाला उपाशी ठेवा असे त्यात नाही आणि विद्वान आहे म्हणून पोसा असेही त्यात नाही. सार्वजनिक पैशाचे वावडेही नव्हते. मंदिराच्या काळात जेरुसलेममध्ये पूर्णवेळ बसणाऱ्या न्यायाधीशांना मंदिराच्या खजिन्यातून वेतन मिळे, ताल्मुद त्याचा आकडा 99 माने असा देते, आणि ते पुरले नाही तर वाढवून द्यावे असे ठरवते. मुलांच्या पंतोजीची व्यवस्था तर आजच्या शिक्षण खात्याने वाचावी अशी आहे: 25 मुलांना एक शिक्षक, 50 झाली तर दोन, 40 असतील तर गावाच्या खर्चाने एक मदतनीस. पंतोजीला पैसे देताना फुकट शिकवण्याच्या दंडकाचे काय केले? एक मत असे, की तो पैसा मुलांवर लक्ष ठेवण्याचा आहे. दुसरे असे, की तो वाचनातले विराम आणि सुरावट शिकवण्याचा आहे. पळवाट आहे हे खरे. पण पळवाट काढावी लागली याचाच अर्थ मूळ नियम जिवंत होता.

सवलती मात्र होत्या, आणि विद्वानांनी त्या मागूनही घेतल्या. करांतून सूट होती. बाजारात विद्वानाचा माल आधी विकू द्यावा असा प्रघात होता. नेहार्देआचे रव दिमी एकदा होडीभर सुके अंजीर घेऊन आले, तेव्हा बाबिलोनमधल्या ज्यूंच्या राजमान्य प्रमुखाने रावा या पंडितांना सांगितले, की हा खरोखर विद्वान असेल तर याच्यासाठी बाजार राखून ठेवा. रावांनी आपल्या शिष्याला पाठवले ते, जा आणि त्याचा रांजण हुंगून ये, असे सांगून. शिष्याने प्रश्न टाकला: हत्तीने विणलेली टोपली गिळली आणि ती मागून जशीच्या तशी बाहेर पडली, तर ती शुद्ध की अशुद्ध? दिमींना उत्तर आले नाही. बाजार राखला गेला नाही आणि अंजीर वाया गेले. मद्य हुंगून पोट भरणारा कार्ना आणि रांजण हुंगून माल नाकारला गेलेला दिमी, हे दोघे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पहिल्याच्या मिळकतीचा ज्ञानाशी संबंध नव्हता म्हणून त्याचे ज्ञान मोकळे राहिले. दुसऱ्याच्या ज्ञानाला बाजारभाव आला आणि हत्तीच्या टोपलीवर एका कुटुंबाची मिळकत बुडाली.

अशा सवलतींबद्दल या ग्रंथांना वाटणारा संकोच हीच मला त्यांची थोरवी वाटते. रब्बी तार्फोन अंजिराच्या बागेत फळे खाताना राखणदाराला सापडले. त्याने त्यांना पोत्यात कोंबले आणि नदीत टाकायला निघाला, तेव्हा त्यांनी आपले नाव सांगून जीव वाचवला. पुढे आयुष्यभर ते हळहळत राहिले, की मी तोरेचा मुकुट स्वतःच्या कामासाठी वापरला. श्रीमंत होतो, पैसे देऊन सुटता आले असते. येहुदा हानासी यांनी दुष्काळात धान्याची कोठारे उघडली, पण ती फक्त शिकलेल्यांसाठी. योनातान बेन अम्राम आत शिरले आणि मी काहीच शिकलेलो नाही म्हणाले. मग तुला अन्न का द्यावे, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते: कुत्र्याला देतात तसे द्या, कावळ्याला देतात तसे द्या. ते स्वतः हानासींचे शिष्य होते हे नंतर उघडकीस आले, आणि त्यानंतर कोठारे सर्वांना खुली झाली.

या हिशेबात एक नोंद मात्र कायम अपुरी राहिली, ती बायकांची. अकीवा वर्षानुवर्षे अध्ययनासाठी दूर राहिले आणि त्यांच्या पत्नीने हलाखीत दिवस काढले. हजारो शिष्यांसह परतल्यावर, माझे आणि तुमचे जे आहे ते सारे हिचेच आहे, असे ते शिष्यांना म्हणाले. वाक्य सुंदर आहे, पण त्या बाईचा खाडा कोणी भरून दिला? कार्नाच्या एका झूझाची एवढी चिकित्सा करणाऱ्या ग्रंथाने, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना त्या वाट पाहण्यानेच पुण्य लाभते, एवढे सांगून विषय मिटवला. आजही पाठशाळेत बसलेल्या पुरुषाचे घर बहुधा शिक्षिकेची किंवा संगणकावरची नोकरी करणारी स्त्रीच चालवते.

पुढे बाराव्या शतकात मैमोनिदेस या थोर ज्यू धर्मशास्त्र्याने कडक भूमिका घेतली, की जो काम न करता अध्ययन करून दानावर जगायचे ठरवतो तो देवाच्या नावाला बट्टा लावतो. हे लिहिणाऱ्या मैमोनिदेस यांना मात्र अनेक वर्षे त्यांचा धाकटा भाऊ दाविद पोसत होता. रत्नांचा हा व्यापारी तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून, आपण हिंदुस्थानकडे निघालो आहोत असे पत्र लिहून जहाजात बसला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्यानंतर मैमोनिदेस वैद्यकीवर घर चालवू लागले. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी त्यांना उत्तर दिले, की विद्वानांना वेतन मिळाले नसते तर तोरा केव्हाच विसरली गेली असती. या दाव्याची एक परीक्षा आपल्या कोकणातच झालेली आहे. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, शतकानुशतके रब्बींवाचून राहिले. हिब्रू ग्रंथ त्यांच्या हातून निसटले, ताल्मुद त्यांना ठाऊक नव्हते. पण शनिवारी घाणा बंद राहिला, सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले, शेमा ही प्रार्थना ओठांवर राहिली. कारो यांचे म्हणणे ग्रंथांपुरते खरे ठरले, आचारापुरते ठरले नाही.

तेव्हा आजच्या वादात माझी बाजू कोणती? मुलांना शिकवणारा, न्यायाला बसणारा, धर्मनिर्णय देणारा माणूस पूर्णवेळ ते काम करत असेल तर त्याला सार्वजनिक पैशातून वेतन द्यायला प्राचीन परंपरेची आडकाठी नाही. पण केवळ विद्यार्थी असणे या अवस्थेलाच आयुष्यभर वेतन लावणे कार्नाच्या कसोटीवर टिकत नाही, कारण तिथे बुडालेला झूझ दाखवता येत नाही. ज्याने कधी पिंप हुंगलेच नाही त्याचा खाडा कसा मोजणार? त्या तरुणांना धंदा शिकवला गेला नाही, तेव्हा दोष त्यांचा एकट्याचा नाही हेही खरे. दुसऱ्या बाजूला, हे सगळे ऐतखाऊ आहेत म्हणून हिणवणाऱ्यांनी येहोशुआंच्या भिंती आठवाव्यात. त्यांतली कित्येक घरे दारिद्र्यात आहेत, आणि त्यांच्या पुढाऱ्यांना त्या भिंती दिसतात की नाही, हा प्रश्न गमलिएल यांच्याइतकाच आजच्या पुढाऱ्यांनाही लागू आहे.

अबायेंचा तो शेरा जिथे येतो तिथेच पुढे रावांची एक विनंती आहे. शिष्यांना ते म्हणतात, कृपा करून निसान आणि तिश्री या दोन महिन्यांत माझ्यापुढे येऊ नका, म्हणजे वर्षभर तुम्हाला अन्नाची चिंता पडणार नाही. निसान हा धान्याच्या कापणीचा महिना, तिश्री द्राक्षे आणि ऑलिव्ह गाळण्याचा. त्यांच्या आधीच्या अदार आणि एलूल या महिन्यांत बाबिलोनच्या विद्यापीठांत मोठी अध्ययनसत्रे भरत, आणि शेतकरी नि व्यापारी काम बाजूला ठेवून तिथे येत. आजच्या धर्मपाठशाळांचे वेळापत्रक पाहिले तर मोठ्या सुट्या अजूनही निसान आणि तिश्री याच महिन्यांत पडतात. त्या दिवसांत पाठशाळा रिकाम्या असतात. शेताकडे मात्र कोणी जात नाही.